गफूरभाईंची बोहनी

गफूरभाईंबद्दल लिहायचं मी आजवर टाळत आलो. आधी नोकरी होती, मग कार्यक्रम होते, मग बायकोचं आजारपण आलं, मग माझं. ही सगळी कारणं मी लोकांना सांगितली आणि स्वतःलाही सांगितली. खरं कारण वेगळं होतं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दल जे छापून आलं आहे त्यातलं बरंचसं खोडावं लागतं, आणि ते खोडायला हात धजत नव्हता.

गेल्या महिन्यात आमच्या हर्सूलच्या कॉलनीतली मीनल मला भेटायला आली. ही मुलगी दिवसा बँकेत असते आणि सुट्टीच्या दिवशी कॅनॉटमधल्या एका कॅफेत उभं राहून लोकांना हसवते. हातात माईक, समोर कॉफी पिणारी पोरं. तिच्या वयाला शोभेल अशा भाबडेपणानं तिनं विचारलं, "काका, तुम्हाला हे सगळं कुणी शिकवलं हो?"

मी म्हणालो, "कुणी नाही गं. आपलं आपणच."

इतकी वर्षं हेच उत्तर दिलं असल्यामुळे ते तोंडातून अगदी गुळगुळीत बाहेर पडलं. ती खूश होऊन गेली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तर मीनल, आणि बाकीचे सगळे, ऐका. मला शेख गफूर यांनी शिकवलं. ते पत्र्याचं काम करायचे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मस्कतजवळच्या एका कामगार कॅम्पात आम्ही एकत्र होतो. आणि 'नऊवारीतला नाकेदार' हा जो किस्सा माझ्या नावावर आहे, ज्यासाठी मला शाली मिळाल्या, तो माझा नाही.

मी त्या कंपनीत टाइमकीपर होतो, म्हणजे कामगारांच्या हजेऱ्या लावायचो. मूळचा वैजापूरचा, शिकलो औरंगाबादेत. शहराचं नाव आता बदललं आहे, पण मी सांगतो त्या काळात ते औरंगाबादच होतं आणि गफूरभाईंच्या तोंडी शेवटपर्यंत तेच राहिलं. कॅम्पात पोचलो त्या दिवशी मेसमध्ये चहा घेत होतो. शेजारच्या बाकावरून एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस कप नाकाशी धरून म्हणाला, "हमारे शहागंज में इसकू पानी बोलते." मी दचकून विचारलं, "तुम्ही औरंगाबादच्या शहागंजचे?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हौ. और तू पंडत दिखता. कायकू आया रे इदर? घरात भटजी लई झाले का?"

तेव्हापासून मी त्यांचा पंडत.

माणूस साधा वगैरे अजिबात नव्हता. केसांना कलप लावायचे आणि तो नैसर्गिक रंग आहे अशी शपथ घ्यायचे. वय विचारलं की पस्तीस. मी पोचलो तेव्हा पस्तीस होते आणि ते गावी परतले तेव्हाही पस्तीसच होते. शुक्रवारी पांढरे बूट घालायचे. त्या धुळीत पांढरे बूट घालणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. खिशात एक फडकं असे, दर दहा पावलांना ते वाकून बूट पुसत. रमी खेळताना लबाडी करायचे आणि ती इतकी वाईट करायचे की पत्ता त्यांच्या बाहीतून अर्धा बाहेर दिसे. कुणी दाखवलंच तर संतापून उठायचे, "मेरेकू चोर बोल्या?" आणि दोन दिवस अबोला.

दिवसभर ते वर्कशॉपात पत्रे वाकवायचे. मोठमोठ्या इमारतींत थंड हवा खेळवायला पत्र्याचे चौकोनी बोगदे लागतात, ते बनवण्याचं काम. त्या ठोकठोकीत शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. आणि याच जागी ते लोकांना हसवायला शिकवायचे.

शुक्रवार सुट्टीचा. दुपारची नमाज झाली, लोकांच्या झोपा झाल्या, की चारच्या सुमारास मेसमधली दोन टेबलं जोडून स्टेज व्हायचं. त्यावर उभं राहून कुणी नक्कल करायचा, कुणी किस्सा सांगायचा. बीडचे, करीमनगरचे, केरळचे, बिहारचे, पेशावरचे सगळे मोडक्या हिंदीत. हे सुरू केलं गफूरभाईंनी आणि चालवलंही त्यांनीच. मात्र ते स्वतः त्या टेबलावर कधी चढले नाहीत. चढवायचे दुसऱ्यांना.

त्यांची शिकवण्याची रीत अशी. नवीन माणसाला ते वर्कशॉपात बोलवायचे, पत्र्याचं एक टोक त्याच्या हातात द्यायचे आणि हातोडा चालवत म्हणायचे, "सुना." तो सांगू लागला की हातोडा सुरूच. "हातोडा वर गेला की थांबायचं. पडला की बोलायचं. लोकांचा श्वास वर जातो ना, तसा हातोडा. श्वास वर असताना बोललास तर वाया." हे ते मराठीत सांगायचे, हिंदीत सांगायचे, हातवाऱ्यांनी सांगायचे. आज पोरं याला टायमिंग म्हणतात. मी ते पत्र्याच्या आवाजात शिकलो. अजूनही बोलताना मध्ये थांबलो की कुठंतरी हातोडा वर गेल्यासारखं वाटतं.

नामदेवची गोष्ट सांगायला हवी. हा बीडकडचा, सळया बांधायच्या कामावर होता. त्याची आई वारल्याची खबर आली तेव्हा ती जाऊन आठवडे उलटले होते. कंपनीनं सुट्टी दिली नाही. त्यानंतर तो बोलायचाच थांबला. गफूरभाईंनी फोरमनशी भांडून त्याला आपल्याकडं मागून घेतलं आणि पत्रा धरायला उभं केलं. काही विचारलं नाही. बरेच दिवस तो नुसता पत्रा धरून उभा. मी हजेरीचा कागद घेऊन गेलो होतो तेव्हा एकदा तो आपणहून बोलला, "वस्ताद, आमची आय शेळीला शिव्या द्यायची."

"शेळीला? कायकू?"

"आमचा बाप बाजंवरून उठायचा न्हाई. त्याला बोलायची सोय नव्हती. मग आय शेळीपुढं जाऊन म्हणायची, ए भवाने, खातीस आन् लोळतीस, रानात कोण जाईल, तुझा आजा? शेळी बघायची बापाकडं. बाप उठायचा आन् रानात जायचा."

गफूरभाईंचा हातोडा वरच राहिला. मग म्हणाले, "ये जुम्मे कू टेबल पे सुना."

"आय मेलीय माझी वस्ताद. लोकं हसतील की."

"हसतील. बापावर हसतील, शेळीवर हसतील. अम्मा के तरफ से हसेंगे."

नामदेव घुटमळला. कारण गफूरभाईंचा एक नियम होता आणि तो सगळ्या कॅम्पाला माहीत होता. ज्याच्यावर किस्सा, त्याला तो आधी ऐकवायचा. त्याच्या तोंडावर. तो हसला तरच टेबलावर चढायचं, आणि त्या दिवशी तो माणूस पहिल्या रांगेत बसला पाहिजे. करीमनगरच्या रफीकनं मेसच्या डाळीवर एक तुकडा रचला होता: डाळीत डाळ शोधायला पाणबुड्या सोडावा लागतो. गफूरभाई त्याची कॉलर धरून त्याला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेले. आमचा आचारी जॉर्ज, केरळचा, भयंकर तापट. त्यानं हातात डाव घेऊन सगळं ऐकलं. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. आम्हाला वाटलं आता रफीकच्या डोक्यात डाव. मग जॉर्ज गंभीरपणे म्हणाला, "पाणबुड्या मैं भेजा था. वो भी भूका वापस आया." शुक्रवारी त्याच वाक्याला सगळ्यात मोठा हशा आला आणि जॉर्ज पहिल्या रांगेत नवरदेवासारखा बसला होता.

म्हणून नामदेवनं विचारलं, "आय तर न्हाई. इचारू कुणाला?"

गफूरभाई म्हणाले, "जो मर गया उसका बेटा पूछा जाता. तू बेटा है. तेरेकू हसू येतंय का? येत असेल तर समज अम्मा हौ बोली."

शुक्रवारी नामदेव टेबलावर चढला. पहिलं वाक्य बोलला आणि हॉल गप्प. नवा माणूस, ओळखीची भाषा नाही, हसावं की नको ते कुणाला कळेना. अशा वेळी गफूरभाई जे करायचे ते त्यांनी केलं. पहिल्या रांगेतून हसले. त्यांचं हसणं म्हणजे पत्रा हलवावा तसं, खडखडत जाणारं. ते ऐकल्यावर न हसणं कठीण. नव्या माणसाला पहिलं हसू ते स्वतः द्यायचे, कितीही वाईट बोलत असला तरी. याला ते बोहनी म्हणायचे. दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक यावं लागतं, मग बाकीचे येतात. "बोहनी मेरे तरफ से. पुढचा धंदा तुझा तू कर."

त्या दिवशी नामदेवनं शेळी होऊन बापाकडं पाहिलं तेव्हा पेशावरचे पठाणसुद्धा मांडीवर थापा मारत होते. खाली उतरल्यावर तो गफूरभाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. गफूरभाई चिडून म्हणाले, "शर्ट इस्त्रीचा आहे रे."

मी त्यांचा लाडका चेला होतो. हे मी फुशारकीनं सांगत नाही. मी गाववाला, आणि मला लवकर येत गेलं. साहेबांच्या नकला, एजंटांच्या नकला, विमानात पहिल्यांदा बसलेल्या माणसाची फजिती. हळूहळू शुक्रवारी लोक माझी वाट पाहू लागले. गफूरभाई सगळ्यांना सांगायचे, "हमारे औरंगाबाद का है."

मला कावीळ झाली तेव्हाची दुपार आता सांगतो. कंपनीच्या दवाखान्यातली खोली, बाहेर ऊन. गफूरभाई जेवणाच्या सुट्टीत यायचे, मोसंबी सोलायचे, निम्मी स्वतः खायचे. त्या दुपारी मी सहज विचारलं, "तुम्ही सगळ्यांना शिकवता, स्वतः का नाही चढत टेबलावर?"

ते मोसंबीची साल काढत राहिले. मग सांगू लागले. घाई नाही, आवाजात चढउतार नाही.

त्यांचे वडील निजामाच्या राज्यात करोडगिरीच्या नाक्यावर होते. आमच्या वैजापूरकडं राज्याची हद्द संपायची आणि इंग्रजी मुलूख सुरू व्हायचा. येणाऱ्याजाणाऱ्या मालावर तिथं जकात घेत. त्या नाक्याचे ते नाकेदार. भरघोस मिशा, मोठा आवाज. आवाज दिला की लांबची गाडी थांबायची. पोलिस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा गफूरभाई सातआठ वर्षांचे असतील. आई आधीच गेलेली. त्याआधीच्या काळात आमच्या बाजूच्या लोकांनी बरंच सोसलं होतं आणि त्या गोष्टी ऐकतच मी वाढलो. ॲक्शननंतर दुसऱ्या बाजूच्या लोकांनी काय सोसलं, ते मात्र आमच्या घरी कुणी सांगत नसे. गावोगाव निजामाच्या नोकरांना शोधायला माणसं फिरू लागली. शेजारी भागाबाई नावाची एक शेतकरीण राहायची. तिनं नाकेदाराच्या मिशा स्वतःच्या हातानं कापल्या, त्यांना आपलं नऊवारी नेसवलं, हातात बांगड्या भरल्या, कुंकू लावलं आणि डोक्यावर पाटी दिली. औरंगाबादला नाकेदाराचे नातेवाईक होते, तिथवर पोचवायला स्वतः निघाली.

"मेरेकू क्या बोली मालूम? 'ल्येकरा, ह्यांला मावशे म्हण. मावशेच म्हणायचं. चुकलास तर बाप गेला.' मग मी सगळ्या रस्त्यानं मावशे, पानी. मावशे, पाय दुखतेत."

लासूरच्या अलीकडं काठ्या घेतलेल्या चारपाच जणांनी अडवलं. ही उंचाडी कोण म्हणून विचारलं. भागाबाई म्हणाली, नणंद हाय माझी, मुकी हाय. त्यातला एक म्हणाला, मुकी बायको कुठं मिळती, मलाबी एक आण. सगळे हसले आणि त्यांना जाऊ दिलं.

"उनो हँसे, इसलिए अब्बा बच गए," गफूरभाई म्हणाले. "घर पहुँचे. साडी उतारे. मैं बोला, अब्बा. देखेच नै मेरे तरफ. उसके बाद मिशा ठेवल्या नाहीत. आवाज काढला नाही. भिंतीकडं तोंड करून बसायचे. मी समोर नाचायचो, येणाऱ्याजाणाऱ्याची नक्कल करायचो, कोतवालाची, दूधवाल्याची. बस एक बार हँसे, ज़रासे. फिर गुज़र गए. मेरेकू एकीच आदमी कू हँसाना था, पंडत. अब टेबल पे चढ के क्या करूँ?"

मग उरलेली मोसंबी माझ्या हातात देऊन म्हणाले, "ये किसी कू बोलना नै. रफीक कू भी नै." आणि कामावर गेले.

मी काय केलं ते आता सांगतो.

काही महिन्यांनी शहरातल्या मराठी मंडळींनी एक कार्यक्रम ठेवला. इंजिनिअर, डॉक्टर, बँकेतली माणसं, त्यांच्या बायका. मला बोलावणं आलं. मोठा हॉल, खरं स्टेज. माझे नेहमीचे किस्से मला अचानक कॅम्पाचे, मळके वाटू लागले. काहीतरी अस्सल हवं होतं, आपल्याकडचं, नऊवारी असलेलं. पुढं लोकांना मी सांगायचो की तो किस्सा मला स्टेजवरच सुचला. तसं नाही. तो मी हजेऱ्या लावता लावता रचला, खोलीत दार लावून बसवला. गावाचं नाव बदललं. धर्म काढून टाकला. नाकेदार ठेवला, मिशा ठेवल्या, पोरगं ठेवलं, त्याचं 'मावशे' ठेवलं. आणि एक गोष्ट मी माझ्या मनची घातली. काठीवाले समोर आले की नाकेदार थरथरतो आणि त्याच्या बांगड्या वाजू लागतात. एका हातानं दुसरा हात धरतो, तर दोन्ही हातांच्या वाजतात. मी खऱ्या बांगड्या आणल्या होत्या. नावगाव बदललं म्हणजे किस्सा आपला झाला, असं मी स्वतःला सांगितलं.

गफूरभाईंना आधी ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं, म्हणूनच नाही ऐकवलं. तरी कार्यक्रमाला ते येणार हेही माहीत होतं. त्यांना मीच आमंत्रण दिलं होतं. आपल्या चेल्याला मोठ्या हॉलमध्ये पाहायला ते येणार नाहीत असं कसं होईल? ते आले, पांढरे बूट घालून. कॅम्पातल्या आणखी काही जणांबरोबर पहिल्या रांगेत बसले.

मी सुरू केलं. नऊवारीत नाकेदार. साहेब लोक एकमेकांकडं पाहू लागले. हॉलमध्ये काही हलेना. मी बांगड्या हातात चढवल्या आणि पोराच्या आवाजात हाक मारली, "मावशे!" शांतता. मला वाटलं, बुडालो.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून तो पत्र्याचा आवाज आला. गफूरभाई हसले. खडखडत, भरपूर, जसे कुठल्याही नवख्यासाठी हसायचे तसे. त्यांनी मला बोहनी दिली.

आणि हॉल हशानं फुटला. बांगड्यांच्या जागी तर बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मी पुन्हा त्यांच्याकडं पाहिलं नाही. पाहण्याची गरजही उरली नव्हती, धंदा सुरू झाला होता.

नंतर ते मागच्या बाजूला आले. लोक माझे हात हातात घेत होते. ते बाजूला थांबले, गर्दी ओसरल्यावर जवळ आले. म्हणाले, "मावशे के पैले अच्छा रुका तू." एवढंच. खांद्यावर थाप मारली आणि बसमध्ये जाऊन बसले.

बसच्या दाराशी नामदेवनं मला गाठलं. "भाऊ, लई हसवलंत. कुणाचा हो किस्सा? त्याला इचारलं व्हतं का?"

मी म्हणालो, "हो. विचारलं होतं."

"मंग झ्याक," नामदेव म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी गफूरभाई मेसमध्ये आले नाहीत. कुणी बोलवायला गेलं तर म्हणाले, काम आहे. त्यानंतरही काम आहे. त्यांच्याशिवाय टेबलं जोडली जायची, पण पहिलं हसू कुणी द्यायचं हे ठरेना, आणि हळूहळू ते बंद पडलं. वर्कशॉपात मी हजेरीला गेलो की ते सलाम करायचे, सही करायचे. पंडत म्हणायचे नाहीत. करार संपला तसे ते गावी निघून गेले. विमानतळावर मी पोचवायला गेलो नाही.

मी परत आलो आणि वाळूजच्या एका कारखान्यात ऑफिसात लागलो. गणपतीत, स्नेहसंमेलनांत, कारखान्यांच्या वर्धापनदिनांत माझे कार्यक्रम होऊ लागले. शेवटी लोक ओरडायचे, "नाकेदार! नाकेदार!" मी बांगड्या काढायचो. कारखान्यातले कामगार, गावातले वकील, लहान पोरं, सगळे हसायचे. वर्षानुवर्षं मी ते केलं. त्या माणसाच्या बापाला मी मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी नऊवारी नेसवून थरथरायला लावलं.

शहागंजात मी जात नसे. पण एका उन्हाळ्यात घरातला कूलर गेला आणि बायकोनं सांगितलं, शहागंजात गफूर पत्रेवाल्याकडं चांगले बनवून मिळतात. दुसरा कुणी गफूर असेल, अशी आशा करत मी गेलो. दुकानासमोर पत्र्याच्या पेट्या आणि कूलरचे सांगाडे रचलेले. आत ते स्टुलावर बसलेले. केस पूर्ण पांढरे झाले होते, कलप सोडला होता. मला पाहिलं आणि लगेच ओळखलं. चेहऱ्यावर राग आणला नाही, आनंदही आणला नाही.

"खोली किती मोठी आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी माप घेतलं, कारागिराला हाक मारून म्हणाले, "ये पंडत हैं. बड़े फनकार हैं. टीवी पे आते." मग चहा मागवला. आम्ही चहा पीत बसलो. ठोकठोक चालू होती. मला वाटलं आता बोलावं. तेवढ्यात तेच म्हणाले,

"वो नाकेदार अब भी करता?"

"लोक मागतात," मी म्हणालो.

"हौ, मांगते. केबल पे देखा मैं." त्यांनी कप खाली ठेवला. "उसमें एक चीज़ गलत है. तू अब्बा कू कँपाता. बांगड्या वाजवतो. उनो नै काँपे, पंडत. मी कापत होतो. उनो मेरा हात इत्ता ज़ोर से पकड़े थे के मेरेकू निशान पड़ गए थे. एवढं दुरुस्त कर. बाकी ठीक है."

माझ्याकडं त्यांनी एवढंच मागितलं. किस्सा बंद कर म्हणाले नाहीत. माझं नाव सांग म्हणाले नाहीत. मी म्हणालो, "करतो दुरुस्त." त्यांनी मान हलवली, जणू कूलरच्या जाळीबद्दल बोलणं झालं.

पुढचा कार्यक्रम वैजापूरला होता. किस्सा तिथवर आला, काठीवाले समोर आले. मी हात स्थिर ठेवले. पोराचा हात घट्ट धरल्यासारखी मूठ वळली. हॉल गप्प झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "बांगड्या वाजवा की!" मी एक क्षण तसाच उभा राहिलो. मग हात हलवले. आणि हॉल हसला.

माफी मागायची मी त्यानंतर ठरवली. साधी गोष्ट. जायचं, बसायचं, बोलायचं. पण मला बोलायची सवय होती ती स्टेजवरची. म्हणून मी वाक्यं जुळवली. गफूरभाई, तुम्ही ठेवायला दिलेलं मी विकलं. तुमच्या वडिलांना मी दुसऱ्यांदा त्या रस्त्यावर उभं केलं, आणि या वेळी त्यांच्याबरोबर भागाबाई नव्हती. हे मला चांगलं वाटलं. घरात एकटा असताना म्हणून पाहिलं. कुठं आवाज खाली आणायचा ते ठरवलं.

गफूरभाई आता नाहीत. ते गेल्याचं मला काही आठवड्यांनी कळलं, चौकातल्या एका माणसाकडून, दुसरंच काही बोलताना. त्या आधीच्या हिवाळ्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं. माफी पाठ करून मी शहागंजात गेलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. ते दुकानाबाहेर उन्हात खुर्ची टाकून बसले होते. एक पत्रा उन्हासमोर धरून त्याला कुठं भोक आहे का ते बघत होते. हात कापत होता, वयानं. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरला आणि पत्रा पुन्हा वर केला.

मी रस्त्याच्या पलीकडं फळांच्या गाडीमागं उभा होतो. मनात शेवटची उजळणी केली. तुम्ही ठेवायला दिलेलं मी विकलं, गफूरभाई. मला... आणि इथं मी थांबलो होतो. 'माफ करा' च्या आधी मी एक जागा सोडली होती. ऐकणाऱ्याचा श्वास वर जाईल इतकी. ती मला त्यांनीच शिकवली होती आणि ऐकताक्षणी त्यांनी ती ओळखली असती. ओळखून ते नक्की म्हणाले असते, अच्छा रुका तू.

मी ती जागा काढून वाक्य म्हणून पाहिलं. तिथंच उभा राहून, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी ती परत येत होती. त्यांनी पत्रा खाली ठेवला आणि रस्त्याकडं पाहिलं. माझ्याकडं की नुसतंच, मला सांगता येणार नाही. मी वळलो आणि गुलमंडीकडं चालू लागलो.

गफूरभाई, मला माफ करा.